वर गेला तो परत आला

आमच्या घरी विमानाच्या गोष्टी दोन. आजीची बिजेची. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान आलं. ती सांगताना आजी देहूतल्या नांदुरकीच्या झाडाच्या दिशेनं हात जोडायची. बिजेला भर दुपारी बाराला ते झाड हलतं, हे तिनं पाहिलेलं होतं.

दुसरी आबांची. ते देहूरोडच्या डेपोत कामाला. डोक्यावरून लढाऊ विमान घरघरत गेलं की म्हणायचे, "लोहगावचं." आणि लगेच पुस्ती जोडायचे, "म्हंजे तुकोबांच्या आजोळचं."

1984 च्या एप्रिलात या दोन्ही गोष्टी एका ओसरीवर आल्या. पाडवा नुकताच झाला होता. 3 तारखेला स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा दोन सोव्हिएत सोबत्यांबरोबर सोयुझ टी-11 यानातून वर गेले. आबांना ते घरचेच वाटत. 1966 साली खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आलेला पोरगा, 1971 च्या लढाईत मिग-21 वरून 21 मोहिमा केलेला. शेजारच्या टीव्हीपुढे अर्धी आळी बसली होती. वरून भारत कसा दिसतो, असं इंदिराबाईंनी विचारलं आणि शर्मांनी इक्बालच्या तराण्यातून उत्तर दिलं. आबांनी मांडीवर थाप मारली. आजीचं मात्र समाधान झालं नाही. "पांडुरंग दिसला का, ते कुनी इचारलंच न्हाई."

विचारणारे पुष्कळ निघाले. देव भेटला का, असं लोक विचारायचे आणि आपण नाही म्हणायचो, हे शर्मांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं. ते ऐकायला आजी राहिली नव्हती.

सॅल्यूट-7 स्थानकात त्यांनी योगासनांचे प्रयोग केले, वरून देशाची छायाचित्रं घेतली. सगळा प्रवास 7 दिवस, 21 तास, 40 मिनिटांचा. मग अशोकचक्र, हारतुरे, मिरवणुका. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं.

आबांची गोष्ट इथून पुढे चालू व्हायची. 1987 मध्ये शर्मांनी हवाई दल सोडलं आणि ते एचएएलमध्ये चाचणी वैमानिक म्हणून ओझरला आले. विघ्नहराचं ओझर नव्हे, नाशिकचं. कारखान्यातून निघालेलं विमान फौजेच्या हाती जाण्याआधी स्वतः उडवून पाहायचं, हे ते काम. तिथे मिगच्या एका अपघातातून ते थोडक्यात वाचले. तरी उडत राहिले. 1992 नंतर बंगळूरला तेच काम, आणि उडणं थांबल्यावर निलगिरीतल्या कुन्नूरला घर.

"आठ दिसांचं कौतुक आठ दीस," आबा म्हणायचे. "पुढं ड्यूटी हायेच."

त्यांच्यानंतर दुसरा भारतीय पृथ्वीच्या कक्षेत गेला तो 2025 च्या जूनमध्ये, शुभांशु शुक्ला. मधे 41 वर्षं गेली. त्यातली काही शर्मांनी जमिनीपासून थोडं वर, नव्या विमानांची परीक्षा घेण्यात घालवली.