पायाळूचा गुडघा

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे काय काय समजुती! जमिनीतले पाणी त्याला कळते, गुप्तधन दिसते; पाठीत उसण भरली की त्याचीच लाथ हवी; आणि वीज कडाडू लागली की त्याने उंबऱ्याबाहेर पडू नये. परंतु पायाकडून जन्मणाऱ्या मुलांत जे व्यंग अधिक आढळते, त्याबद्दल आजीबाईच्या बटव्यात चकार शब्द नाही. क्वचित् एखाद्या बाळाचा गुडघा जन्मतःच उलटा असतो. आपला मागे दुमडतो, त्याचा पुढे. इतका की पाऊल पोटाकडे, कधी थेट तोंडाशी येते. लाखात एखादे मूल असे. वैद्यकाच्या ग्रंथांत याची पहिली नोंद १८२२ सालची, शातलें यांची.

असे मूल झाले की पहिला दोष आईकडे जाई. ग्रहणात हिने विळी हातात धरली असेल, कोणाच्या लंगड्या पायाला हसली असेल. चाळीत तर्कांना काय तोटा! वस्तुतः विळीचा आणि गुडघ्याचा काडीचाही संबंध नाही. पोटात पाय ताठ अवघडून राहिलेले असतात, मांडीचा पुढचा स्नायू आखूड पडलेला असतो. काहींचे इतर सांधेही मुळातच सैल किंवा आखडलेले असतात.

या दुखण्यात सारा खेळ वेळेचा आहे. पहिल्या काही दिवसांत सांधे मऊ असतात. तेव्हा गुडघा हळुवार वाकवून प्लॅस्टर घालायचे, आठवड्याने काढायचे, आणखी थोडा वाकवून पुन्हा घालायचे. पुष्कळांचे एवढ्यावर भागते. घाई मात्र चालत नाही. जोर केला तर नडगीच्या टोकाची वाढती कूर्चा दुखावते आणि गुडघा नुसता वाकल्यासारखा दिसतो. डच लष्करी सर्जन मातायसेन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेली ही प्लॅस्टरची पट्टी. सैनिकांच्या मोडक्या हाडांसाठी निघाली आणि तान्ह्यांच्या कामी आली.

पण ते तान्हे वेळेवर पोहोचायचे कोठे? शिवडीच्या कापसाच्या गोदामांपासून परळकडे चालू लागले की अर्ध्या तासात आचार्य दोंदे मार्ग येतो. (शिक्षकाचे नाव लाभलेला रस्ता म्हणून मला त्याचे अंमळ कौतुक!) तेथे नेस आणि कुसरो या वाडिया बंधूंनी १९२६ साली वडील नौरोसजींच्या नावाने प्रसूतिगृह उभारले आणि १९२९ साली शेजारीच आई जेरबाईंच्या नावाने मुलांचे रुग्णालय. गिरणगावातली बाई जेथे बाळंत होणार, तेथून चार पावलांवर बालरोगांचे डॉक्टर! मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदाही १९२९ चाच. आईवडिलांच्या नावाने देवळे बांधणारे पुष्कळ. हे दान मला अधिक मोलाचे वाटते.

पुढे पोलिओने हाडांच्या उपचाराला जोर आणला. स्वतःच्या मुलीला पोलिओ झालेल्या फातेमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना काढला. त्यातूनच हाजीअलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वेळ टळली, किंवा प्लॅस्टरला गुडघा बधला नाही, तर मग चाकू. कर्टिस आणि फिशर या अमेरिकन सर्जनांनी १९६९ साली या शस्त्रक्रियेचा दीर्घ अनुभव मांडला. मांडीच्या स्नायूचा कंडरा इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात कापायचा आणि ‘वाय’च्या आकारात शिवायचा, म्हणजे तो लांब होतो, आमच्याकडे शिंपी आखूड झग्याला जोड देतो, तसेच हे. रॉय आणि क्रॉफर्ड यांनी १९८९ साली लहान छेदांतून कंडरा सैल करण्याची रीत सांगितली. ती तान्ह्यांना सोसते. खुबाही निखळलेला असला तर आधी गुडघा वाकवावा लागतो, कारण खुब्याच्या पट्ट्यात पाय दुमडूनच ठेवतात.

गुडघा किती वाकला म्हणजे पुरे? खुर्चीवर बसायला काटकोन चालतो. आमच्या मुलाला पंगतीत मांडी घालायची असते, नळावर उकिडवे बसायचे असते. म्हणून टाके निघाल्यावरही त्याची आई महिनोन्‌महिने रोज त्याचा पाय हळूहळू दुमडत बसते.