दातांचा एक्स-रे आणि आवळलेली फाइल

दोन दातांच्या फटीत नुकतीच सुरू झालेली कीड आरशात दिसत नाही. एक्स-रेमध्ये ती एनॅमलवरील एका पुसट, किंचित काळसर छटेच्या रूपाने प्रकट होते. दात कोरून भरायचा की काही महिने केवळ लक्ष ठेवायचे, हा निर्णय बहुधा त्या छटेवर अवलंबून असतो. म्हणूनच एक्स-रेची फाइल संगणकावर किती 'आवळली' गेली आहे, हा प्रश्न रुग्णाच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

१९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिल्मऐवजी सेन्सर वापरणारी रेडिओव्हिजिओग्राफी अवतरली. आपल्याकडील दवाखान्यांत ती 'आरव्हीजी' या नावाने परिचित आहे. १००० बाय १५०० बिंदूंच्या प्रतिमेला, प्रत्येक बिंदूस एक बाइट धरला तरी, दीड मेगाबाइट जागा लागते. एका प्रतिमेपुरते हे क्षुल्लक. पण हजारो प्रतिमा वर्षानुवर्षे जतन करायच्या तर कॉम्प्रेशनचा मोह होतोच.

त्याचे प्रकार दोन. पीएनजीसारख्या 'लॉसलेस' पद्धतीत प्रत्येक बिंदू जसाच्या तसा परत मिळतो. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपीईजीच्या प्रचलित 'लॉसी' पद्धतीत तसे होत नाही. ती प्रतिमेचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते, त्यांतील छटांच्या चढउतारांचे गणिती पृथक्करण करते (जन्माने बंगळूरचे नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडलेली पद्धत याच्या मुळाशी आहे) आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे सूक्ष्म चढउतार टाकून देते. घरगुती छायाचित्राचे याने काही बिघडत नाही. दंतवैद्य मात्र नेमके तेच चढउतार शोधत असतो. शिवाय अनेक सेन्सर १२ बिटांत, म्हणजे ४०९६ छटांत नोंद करतात. साधी जेपीईजी फाइल २५६ छटांवरच थांबते.

याचा अर्थ जेपीईजी सर्वस्वी त्याज्य, असा नव्हे. डेन्मार्कमधील अ‍ॅन वेन्झेल आणि सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात, कीड ओळखण्यासाठी १:१२ पर्यंतचे कॉम्प्रेशन समर्थनीय ठरले. मात्र हे प्रमाण सर्व कामांना सरसकट लावणे धाडसाचे होईल. रूट कॅनालमध्ये वापरल्या जाणाऱ्या १० क्रमांकाच्या बारीक सुईचे टोक अवघे ०.१ मिलिमीटर जाड असते. २० मायक्रॉनच्या बिंदूंत मोजल्यास जेमतेम पाच बिंदू. अतिरिक्त कॉम्प्रेशनमुळे चौकोनांच्या कडा उमटू लागल्या, की हे टोक मुळाच्या अग्राशी पोहोचले की अलीकडेच थांबले, हे सांगणे कठीण होते.

टाकलेली माहिती पुन्हा आणता येत नाही, आणि तीच फाइल वारंवार जेपीईजीत साठवली की हानी साचत जाते. मोबाइलवरील संदेशसेवा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा बहुधा परस्पर आवळतात. संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून पाठवणे त्याहून वाईट. वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या 'डायकॉम' मानकात लॉसलेस साठवणुकीची सोय आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊ इच्छिणाऱ्या रुग्णाने दवाखान्याकडून मूळ फाइलच मागावी, आणि संदेशातून पाठवायची झाल्यास ती फोटो म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी.