वाजंत्री कुणाच्या खर्चानं?

लगीनसराई तोंडावर आली की यजमानाच्या वहीत एक आकडा पेन्सिलीनंच लिहिलेला असतो. तो वाजंत्रीचा. मांडव, आचारी, कापडचोपड यांचे आकडे सहसा हलत नाहीत. पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री वाजंत्रीला लागते, आणि शेजारच्या वस्तीवर डॉल्बी दणाणली की तोच आकडा रातोरात दुप्पट होतो. श्रोतेहो, ही ओढाताण आजची नाही. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तिचा माग सव्वाशे-दीडशे वर्षं मागे काढता येतो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. ती आग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर या तालुक्यांत पोचली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारनं आयोग नेमला. त्या काळी साहेबलोकांत आणि शहाण्यासुरत्यांत एक समज पक्का होता: कुणबी बुडतो तो लग्नात उधळपट्टी करतो म्हणून. आयोगानं खेड्यापाड्यांत चौकशी केली आणि वेगळंच मत नोंदवलं. लग्नखर्चाच्या कारणाला अवास्तव महत्त्व दिलं गेलं आहे, असं त्यानं म्हटलं. ऐपतीच्या मानानं खर्च जास्त दिसतो खरा, पण असे प्रसंग आयुष्यात थोडे, आणि माणसानं इतका आनंद करणं गैर नाही, असा त्याचा आशय होता. सरकारी कागदात इतकं समजूतदार वाक्य क्वचितच सापडतं! जोतीराव फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या आरोपाचा समाचार घेतला आहे. पुढे १८७९ साली कर्जदार शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

आता त्या कुणब्याच्या दारात काय वाजत होतं ते पाहू. सनई-चौघडा मुळात देवळाच्या आणि दरबाराच्या दारातला. सनईवाले दोन, एक चाल वाजवणारा आणि दुसरा नुसता सूर धरून ठेवणारा. सूर धरणाऱ्याकडे कुणी पाहत नाही, पण तो थांबला तर सनई पोरकी वाटते. ही वाद्यं गुरव आणि घडशी मंडळींकडे. हलगी, डफडं मातंग समाजाकडे. हलगी वाजण्याआधी चिपाडं पेटवून तापवायची, कातडं ताणलं गेलं की बोल खणखणीत निघतो. शिवाय लग्नानंतरच्या गोंधळाला संबळ घेऊन गोंधळी यायचे.

यांना पैसे किती? रोकड फारच थोडी. गावातला वाजवणारा बलुतेदार असेल, तर सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा ठरलेला. लग्नात वर शिधा, नारळ, एखादं पागोटं. म्हणून यजमानाला वाजंत्री स्वस्त पडायची. जुनी माणसं हे सांगताना हळवी होतात. मला मात्र इथं थांबावंसं वाटतं. ज्यानं वाजवलं, त्याला नाही म्हणायची सोय होती का? त्यानं मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं घ्यायचं. यजमानाच्या वहीत न दिसणारा खर्च वाजवणाऱ्याच्या वाट्याला जात होता.

याला पहिला रोखठोक पर्याय सत्यशोधकांनी दिला. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला, भटजीशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. जोतीरावांनी मंगलाष्टकं मराठीत रचली, तीही वर आणि वधू यांनी स्वतः म्हणायची. हा बदल मला फार मोठा वाटतो. लग्नातला मुख्य आवाज भाड्यानं आणायचा नाही, तो ज्यांचं लग्न त्यांचाच असायचा. आपल्याकडे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक चालवलं. १९१० ला सुरू झालेलं हे पत्र १९६७ पर्यंत टिकलं. खेड्यात बसून सत्यशोधक विचार त्यांनी इतकी वर्षं घरोघर पोचवला.

पुढे बाबासाहेबांच्या चळवळीनं गावकीची अपमानाची कामं नाकारायला शिकवलं. ‘वाजवणारच नाही’ हे शब्द अनेक गावांनी तेव्हा प्रथम ऐकले. १९५६ नंतर बौद्ध पद्धतीची लग्नं त्रिशरण-पंचशीलानं लागू लागली. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, बलुतंही आटत गेलं. वाजंत्री रोख पैशांवर आली. विसार द्यायचा, सुपारी ठरवायची, तास मोजायचे. लग्नाचं बजेट खऱ्या अर्थानं तेव्हापासून सुरू झालं म्हणा ना.

मग आला बँड. त्यांच्या अंगावरचे बिल्ले आणि झुपकेदार टोप्या पलटणीच्या बँडवरून आल्या. भिंगारच्या छावणीशेजारी राहणाऱ्या नगरकरांना हे सांगायला नको. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम. माणसं जास्त म्हणून सुपारीही जास्त. त्यामागून कर्णा आणि तबकड्या आल्या. एका बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या तबकडीनं कित्येक सनईवाल्यांची सुपारी घेतली. यात खाँसाहेबांचा काय दोष! कॅसेटनं तेच आणखी स्वस्तात केलं, आणि डॉल्बीनं पुन्हा महाग. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. वराती मात्र निघतात दहाच्या सुमारास.

कुणी मला हिशेब विचारला तर मी सांगतो, हळदीला काहीच ठरवू नका. तिथं बायकांची गाणी असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्यांत लेकीच्या लग्नाच्या कितीतरी आहेत. आत्याला, मावशीला बोलतं करा, एवढंच. लग्न लागताना सनईची एक जोडी, सूर धरणाऱ्यासकट. त्याला काटू नका. वरातीला हलगी, तासाभराची. आणि वाजवणाऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवा. त्याचा आकडा आचाऱ्याच्या रकान्यात जातो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)