नावात ठेवलेली पाखरं

तांबट पक्ष्याला ज्याने कुणी हे नाव दिलं, त्याच्या कानात हातोडी आधी होती, पाखरू नंतर आलं. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. घागर मठारताना पडणारे एकसारखे ठोके ज्या आळीत दिवसभर ऐकू यायचे, तिथल्या पोराला उन्हाळ्यात पिंपळावरून येणारं 'टुक्, टुक्, टुक्' वेगळं शिकवावं लागत नसे. चिमणीहून थोडा मोठा, बुटका, पानाच्याच रंगाचा हा पक्षी. कपाळ लाल, छातीवर लाल पट्टा, गळा पिवळा. इतका रंगीत असूनही तो पानांत सापडत नाही. ओरडताना मान कधी या अंगाला, कधी त्या अंगाला वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशाही फसवते. शिवाय चोच मिटलेली. डोळ्यांनी शोधायला गेलं तर दुपार निघून जाते. नाव माहीत असलं की झाडाखाली थांबायचीही गरज नाही.

दुर्बीण आणि पुस्तक घेऊन पक्षी ओळखण्याचा छंद आपल्याकडे बाहेरून आला, असं सांगतात. दुर्बीण आली, पुस्तक आलं, हे खरंच. पण रूपावरून आणि हाकेवरून पाखरू नेमकं हेरायची विद्या त्याच्या फार आधीची आहे. ती लिहून ठेवलेली नव्हती, नावांत ठेवलेली होती.

तिचं मूळ शोधत मागे गेलं की यास्काचार्य भेटतात. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वेदांतल्या शब्दांची फोड करणारा 'निरुक्त' हा ग्रंथ त्यांनी रचला. त्यात 'काक' या शब्दापाशी ते थांबतात आणि सांगतात की हे नाव पक्ष्याच्या आवाजाची नक्कल आहे, आणि पाखरांच्या नावांत ही तऱ्हा पुष्कळ दिसते. लगेच विरोधी मतही नोंदवतात. औपमन्यव नावाच्या आचार्यांना आवाजाची नक्कल मान्य नव्हती. काक म्हणजे हाकलून देण्याजोगा, अशी त्यांची व्युत्पत्ती. तित्तिराबद्दल यास्क दोन शक्यता देतात. त्यातली एक अशी की अंगावर तिळाएवढे ठिपके असतात म्हणून तो तित्तिर. एकीकडे आवाज, दुसरीकडे ठिपके. आजच्या पक्षी-ओळखीच्या पुस्तकातले दोन मुख्य रकाने तेच आहेत, म्हणून ही जागा मला फार मोलाची वाटते. माझा कौल यास्कांना. भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, डोळ्याचा डोरा होतो, तसा कावळ्याचा कावरा होतो. पण पुढचं 'काव' जागचं हलत नाही, कारण ते रोज सकाळी पक्षी स्वतःच पक्कं करून जातो.

कान इतका तयार व्हायला कारणही तसंच होतं. 'शकुन' हा शब्द आपण शुभाशुभाच्या चिन्हासाठी वापरतो, पण संस्कृतात शकुन म्हणजे मुळात पक्षी. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाच्या शेवटी कपिंजल या पक्ष्याला उद्देशून दोन सूक्तं आहेत; त्यानं मंगल बोलावं अशी ती विनवणी. हाक कुणाची, कोणत्या दिशेची, किती वेळा, हे ज्याला भविष्यासाठी कळून घ्यायचं होतं त्याला पाखरं आवाजावरून ओळखताना चुकून चालणार नव्हतं. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी पाखराची भाषा जाणण्याचा दावा करतो, तो याच वाटेवरचा. तितराची हुबेहूब साद घालून त्याला फासात आणणारा पारधीही याच वाटेवरचा, फक्त त्याला चुकीची किंमत त्याच दिवशी उपाशी राहून मोजावी लागे.

भंडाऱ्यात या विद्येला पाण्याची जोड मिळाली. कोहळी समाजानं जागोजाग पाळी घालून तलाव बांधले. माजी मालगुजारी तलाव म्हणून सरकारी कागदांत त्यांचं नाव 'मामा तलाव' झालं. धानाला पाणी मिळावं म्हणून ते बांधलेले, पण त्यांवर बदकं, बगळे, पाणकोंबड्या उतरल्या. पाणपक्षी लांबून दिसतो, उघड्यावर दिसतो, म्हणून इथं नावं रूपावरून पडली. हळदीकुंकू बदक घ्या. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लालसर ठिपके. ज्या बाईनं सणाला करंडा हातात घेतला आहे, तिला दुसरी खूण सांगावीच लागत नाही. चमच्याची चोच चमच्यासारखी, कमळपक्षी कमळाच्या पानांवरून चालणारा. टिटवी मात्र पाण्याकाठी, उघड्यावर राहूनही आवाजाचीच राहिली. संस्कृतात टिट्टिभ, मराठीत टिटवी. तिच्यासमोर डोळा हरला असं म्हणायला हवं, कारण ती दिसण्याआधी ओरडते.

आणि मग पावशा. मृगाच्या आसपास, पऱ्ह्यांसाठी वाफे तयार होत असताना किंवा आवत्या पेरायची घाई असताना, कुठल्या तरी आंब्यातून आवाज चढत चढत जातो: 'पेरते व्हा, पेरते व्हा'. पावशा दिसायला शिक्र्यासारखा, इतका की लहान पाखरं त्याला पाहून घाबरतात. डोळ्यांवर विसंबणारा इथं हमखास फसतो. हाक मात्र दुसऱ्या कुणाचीच नाही. हीच हाक हिंदी मुलखात 'पी कहाँ' झाली, बंगालीत 'चोख गेलो' म्हणजे डोळा गेला, आणि उन्हाळ्याच्या रात्री झोप न लागलेल्या इंग्रजांना ती 'ब्रेन फीवर', मेंदूचा ताप, अशी ऐकू आली. स्वर तेच, पण ज्याच्या मनात जे होतं ते त्यानं त्यांत भरलं. विरहिणीनं प्रियकर भरला, शेतकऱ्यानं पेरणी.

हे फक्त आपल्याकडचं नाही. उत्तर अमेरिकेत टिटवीच्याच कुळातला एक पक्षी आहे, छातीवर दोन काळे पट्टे असलेला. त्याचं नाव किलडिअर, आणि तेही त्याच्या ओरडण्यावरूनच. आपल्या रातव्याचा तिकडचा भाऊबंद व्हिप-पुअर-विल रात्रभर स्वतःचं नाव घेतो. चिकडी, फीबी, बॉबव्हाइट ही नावंही अशीच. पांढऱ्या गळ्याच्या एका चिमणीची शीळ अमेरिकेत सॅम पीबडी नावाच्या म्हाताऱ्याला हाक मारते, तर कॅनडात तीच शीळ कॅनडाचं गुणगान करते. चुलत घराण्यांनी एकमेकांना न विचारता लेकरांची नावं एकाच रीतीनं ठेवावीत, तसं हे झालं.

तिथेच १९३४ साली रॉजर टोरी पीटरसन यांनी या रीतीला नवं रूप दिलं. चित्रात पक्ष्याच्या नेमक्या खुणेकडे बारीक रेघ काढून दाखवायची: इथे पट्टा पाहा, इथे शेपटीची कड पाहा. पहिल्या २००० प्रती पाहता पाहता संपल्या. आपल्याकडे १९४१ मध्ये सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि पक्षी ओळखायला तो मारलाच पाहिजे ही समजूत मागे पडली. हळदीकुंकू या नावात जी रेघ आहे, तीच पीटरसन यांनी कागदावर काढली, असं मला वाटतं.

पण पुस्तक आलं की एक धोका येतो: पुस्तकातलं नाव खरं आणि बांधीतल्या माणसाचं नाव गावठी ठरतं. या जागी मारुती चितमपल्लींचं काम उभं राहतं. सोलापूरचा हा वनाधिकारी नवेगाव बांधला आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगाव आणि नागझिरा दोन्ही भंडारा जिल्ह्यातच होते. तिथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले, पाखरांचे जाणते. गोंड, धीवर, कोहळी यांच्या तोंडची नावं चितमपल्लींनी ऐकली आणि टिपली. पुढे हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्रा'चा मराठी अनुवाद झाला, २००२ मध्ये 'पक्षिकोश' आला. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी तो घडवला: कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला रातथारा. रातथारा हा शब्द एकदा ऐकला की संध्याकाळी चिंचेवर उतरणारे थवे वेगळे दिसू लागतात. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली गेले.

हाक कागदावर धरता येत नाही, ही अडचण यंत्रानं सोडवली. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या लहान मुलानं आपल्या पाळीव पक्ष्याचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर उतरवला. पक्ष्याच्या आवाजाचं ते सर्वात जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण. आणि तो पक्षी होता शामा, भारतातला, नागझिऱ्याच्या जंगलातही गाणारा. त्या नळकांड्यापासून आजच्या फोनपर्यंत सरळ वाट आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन ॲपमध्ये २०२१ पासून फोनच पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतो. त्याची रीत विलक्षण आहे: तो आवाजाचं आधी चित्र करतो, आणि मग ते चित्र ओळखतो. यास्कांचे दोन रकाने तिथे एक होतात. तांबटाचा आवाज ऐकवला की फोन जे इंग्रजी नाव दाखवतो, त्याचाही अर्थ तांब्याची भांडी घडवणारा असाच आहे.

एक ओळख मात्र अजून निव्वळ कानानंच करावी. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात आणि त्याला लागून असलेल्या भंडाऱ्याच्या काठावर. माणसाएवढा उंच, राखी अंगाचा, लाल मानेचा पक्षी. त्याला ओळखायला कुणाची मदत लागत नाही. पण जोडीतला नर कोणता आणि मादी कोणती, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी बांधीच्या धुऱ्यावर थांबावं लागतं. दोघं चोच आकाशाकडे करतात, आणि वैनगंगेच्या बाजूनं हाक येते. नराची एक लांब. लगेच तिच्यावर दोन-तीन तुटक हाका येतात, त्या मादीच्या.