पाच रिव्हेटांची साक्ष : जुन्या कॉर्व्हेटची डिस्क अस्सल की बदललेली?

आजचा भाग एका लोखंडी चकतीबद्दल आहे. तुमच्या बाईकच्या पुढच्या चाकाला जी चकती दिसते, ब्रेक दाबला की पॅड जिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात, तीच. गॅरेजमध्ये तिला डिस्क प्लेट म्हणतात, पुस्तकात रोटर. आपल्या लेखी हा झिजणारा पार्ट. झिजला की काढायचा, भंगारात टाकायचा, नवा बसवायचा. त्याचा कसला आलाय इतिहास?

पण अमेरिकेत अशी एक गाडी आहे, जिच्या बाबतीत लोक चाक काढून, टॉर्च मारून ही चकती तासन्‌तास न्याहाळतात. गाडीचं नाव शेव्हरोले कॉर्व्हेट, आणि आपण बोलतोय १९६५ ते १९८२ या काळातल्या गाड्यांबद्दल. विकणारा म्हणतो, "सगळं ओरिजिनल आहे." घेणारा म्हणतो, "चाक काढा, बघू." चाक निघालं की दोघांची नजर एकाच ठिकाणी जाते. चाकाच्या पाच बोल्टांच्या मधे पाच रिव्हेट आहेत की नाहीत?

हे पाच रिव्हेट काय सांगतात, कधी चकवतात, आणि अस्सल चकती सापडलीच तर तिच्यावर गाडी चालवावी का, हे आज बघूया. पण त्याआधी थोडं मागे जाऊ. ही चकती गाडीत आली कशी?

पूर्वी सगळीकडे ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे बंद डबा. त्याच्या आत शू असतात, ते बाहेरच्या बाजूला दाबले जातात आणि डब्याला आतून घासतात. घासलं की उष्णता तयार होते, आणि बंद डब्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकडही कमी होते. घाट उतरताना सारखा ब्रेक मारला की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही, तो प्रकार हाच.

यावर उपाय शोधणारा माणूस होता इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा फ्रेडरिक लँचेस्टर. त्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना साधी होती. डबा नको, उघडी चकती ठेवू, म्हणजे वारा लागेल आणि ती थंड राहील. पण त्याने पॅडसाठी वापरलं तांबं. ते किंचाळायचं आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजायचं. कल्पना बरोबर होती, साहित्य तयार नव्हतं. मग पन्नासेक वर्षं तशीच गेली.

दरम्यान विमानांना हाच ब्रेक उपयोगी पडला, कारण उतरताना प्रचंड वेगातलं वजन थांबवायचं असतं. विमानांचे ब्रेक बनवणाऱ्या डनलॉप कंपनीने जॅग्वारबरोबर काम करून तो रेसिंग गाडीवर आणला. १९५३ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला. तिथे सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी एकदम हळू वळण. ज्याचा ब्रेक भरवशाचा, तो उशिरा दाबणार. म्हणजे जॅग्वारवाल्यांना वेग नुसता इंजिनाने दिला नव्हता, ब्रेकनेही दिला होता.

१९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन डीएस या घरगुती गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या. कॉर्व्हेट मात्र १९५३ पासून १९६४ पर्यंत ड्रमवरच होती. इंजिनाची ताकद दरवर्षी वाढत होती आणि थांबवणारं यंत्र जुनंच होतं. कॉर्व्हेटमागचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव स्वतः रेसिंगमधला माणूस, त्याला हे कळत नव्हतं असं नाही.

शेवटी १९६५ च्या मॉडेलमध्ये बदल झाला, आणि झाला तो पूर्णच. पुढे मागे चारही चाकांना डिस्क, त्याही स्टँडर्ड. प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन. डिस्कचा व्यास ११.७५ इंच, जाडी सव्वा इंच, आणि मधून हवा खेळावी म्हणून पोकळ पाखं. ज्याला जुना ड्रमच हवा असेल त्याला ६४.५० डॉलर कमी पडायचे. त्या वर्षी २३,५६२ गाड्या बनल्या आणि ड्रम मागणारे गिऱ्हाईक निघाले फक्त ३१६. हीच ब्रेकची रचना पुढे १९८२ पर्यंत चालली. म्हणून आज आपण जी खूण शिकतोय ती एका वर्षाच्या गाडीला नाही, सतरा-अठरा वर्षांच्या गाड्यांना लागू होते.

आता येऊ रिव्हेटांकडे.

आजच्या बहुतेक गाड्यांत डिस्क हबवर नुसती टोपीसारखी बसते आणि चाकाच्या नटांनी आवळली जाते. कॉर्व्हेटच्या कारखान्यात तसं नव्हतं. पुढची डिस्क हबला आणि मागची डिस्क स्पिंडलला पाच रिव्हेटांनी कायमची जोडायचे, आणि जोडल्यानंतर दोन्ही एकत्र फिरवून डिस्कचे चेहरे मशीनवर कातायचे. क्रम लक्षात ठेवा. आधी जोडणं, मग कातणं.

का? कारण हबचा चेहरा अगदी किंचित वाकडा असू शकतो, डिस्कही किंचित वाकडी असू शकते. दोन किंचित चुका एकत्र आल्या की चकती फिरताना डगमगते. गॅरेजच्या भाषेत "डिस्कला आउट आहे". जोडून कातलं की दोघांच्या मिळून ज्या चुका असतील त्या कातल्या जातात आणि चकती सरळ फिरते.

कॉर्व्हेटला हा आउट चालतच नाही. तिच्या पिस्टनना जे सील होते ते ओठासारखे होते. आतून तेलाचा दाब आला की ओठ भिंतीला चिकटतो आणि तेल अडतं. पण चकती डगमगली की पिस्टन सारखे आत-बाहेर हलतात, आणि त्या हालचालीत सीलच्या कडेने हवा आत ओढली जाते. तेल बाहेर गळत नाही, खाली थेंब दिसत नाही, पण ब्रेकमध्ये हवा धरते आणि पेडल मऊ पडतं. मालक बिचारा पुन्हा पुन्हा हवा काढत बसतो. दोष असतो चकतीत, शोधतो तो तेलात. हा आउट हजारांश इंचांत मोजावा लागतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणजे रिव्हेट ही काही शोभेची वस्तू नव्हती. कारखान्याने या दोन पार्टांना एक मानलं होतं, त्याची ती सही आहे.

मग ओळखायचं कसं? चला, चाक काढू.

पहिली खूण, रिव्हेट. पाचही जागी रिव्हेटची डोकी असतील आणि त्यांच्यावर हत्यार लागल्याचं दिसत नसेल, तर डिस्क कारखान्यातली असण्याची शक्यता बरीच. रिव्हेट नसतील आणि चकती नटांच्या जोरावरच बसलेली असेल, तर कोणीतरी ते ड्रिलने काढले आहेत.

दुसरी खूण, पृष्ठभाग. चकतीवर आरपार भोकं किंवा तिरप्या खाचा असतील तर प्रश्नच मिटला. त्या नंतरच्या आहेत. या गाड्यांना कंपनीच्या डिस्क गुळगुळीत होत्या.

तिसरी खूण, जाडी. नवी डिस्क १.२५० इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. टाकून द्यायची मर्यादा १.२१५ इंच, म्हणजे ३०.८६ मिलिमीटर. मधलं अंतर एक मिलिमीटरसुद्धा नाही. मोजायला मायक्रोमीटर घ्या. साध्या व्हर्नियरने फसाल, कारण पॅड जिथे पोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेला उंचवटा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे त्याच्यावरच बसतात. चार-पाच ठिकाणी मोजा.

जाडी आणखीही काही सांगते. त्या काळच्या मीटरवर पूर्ण मैलांचे पाचच आकडे असायचे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. समजा मीटर २० हजार मैल दाखवतंय आणि डिस्क मर्यादेपर्यंत झिजली आहे, तर विचारायला हवं, हे २० हजार आहेत की एक लाख २० हजार? उलट मीटर ९० हजार दाखवतंय आणि डिस्क जवळजवळ कोरी, तर ती मधे कधीतरी बदलली असणार. चकती आणि मीटर एकमेकांची उलटतपासणी घेतात.

चौथी खूण मागच्या चाकांवर. मागच्या डिस्कच्या मधल्या भागात हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो आणि त्याचे शू अ‍ॅडजस्ट करायला एक भोक असतं. डिस्क काढून परत चुकीच्या बोल्टांवर बसवली की डिस्कचं भोक आणि स्पिंडलचं भोक समोरासमोर येत नाही. तसं दिसलं तर एवढं नक्की, की ती डिस्क एकदा तरी निघाली होती.

आता गंमत बघा. "निघाली होती" म्हणजे "बदलली होती" असं नाही.

हँडब्रेकचे शू त्या मागच्या डिस्कच्या आत असतात आणि डिस्क रिव्हेटने जोडलेली. शू बदलायचे तर रिव्हेट उडवा, नाहीतर सगळा स्पिंडल उतरवा. कितीतरी मेकॅनिकांनी सोपा रस्ता घेतला. रिव्हेट ड्रिल केले, शू बदलले, आणि तीच जुनी डिस्क परत बसवली. अशा गाडीला रिव्हेट नाहीत, पण डिस्क मात्र कारखान्यातली अस्सल. पुढच्या डिस्कचं तसं नाही. ती हबसकट बेअरिंग काढून उतरते, म्हणून पुढचे रिव्हेट जास्त वेळा टिकलेले दिसतात.

आणि उलटंही होतं. चांगले कारागीर नवी डिस्क आणतात, जुन्या हबला नव्याने रिव्हेट मारतात आणि कारखान्यासारखं एकत्र कातून देतात. यात लबाडी काही नाही, उलट आउट घालवायचा हा उत्तम मार्ग. पण दहा वर्षांनी तिसऱ्या मालकाने चाक काढलं तर त्याला पाच रिव्हेट दिसतील आणि तो छाती फुगवून सांगेल, "कंपनीची डिस्क!"

म्हणजे रिव्हेट असले म्हणून अस्सल ठरत नाही, नसले म्हणून नक्कल ठरत नाही. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. रिव्हेट, जाडी, मीटर, भोकं, हबवरचे डाग आणि जुन्या पावत्या, सगळ्यांना एकत्र बसवायचं. इतिहासात कागद तपासतात तेव्हा असंच करतात. शिक्का खरा दिसतो म्हणून मजकूर खरा मानत नाहीत.

आता शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. समजा सगळे पुरावे जुळले, डिस्क अस्सल निघाली आणि जाडी भरली १.२१० इंच. काय करायचं?

अमेरिकेत जुन्या कॉर्व्हेट जपणाऱ्यांची मोठी संस्था १९७४ पासून आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तिच्या किती जवळ आहे, हे तिथे गुण देऊन ठरवतात. हे काम मोलाचं आहे, त्यामुळे कितीतरी माहिती टिकली. पण गुणांची आणि किमतीची ओढ लागली की माणूस झिजलेली डिस्क काढायला कचरतो. "अहो, ओरिजिनल आहे!" म्हणतो. आहे ना. पण ती ज्यांनी बनवली त्यांनीच एक मर्यादा ठरवून दिली होती. अस्सलपणा जपायचा तर ती मर्यादाही अस्सलच आहे. पातळ चकती कमी उष्णता सामावते, लवकर तापते, तडकू शकते. मोठ्या इंजिनची १९६५ ची कॉर्व्हेट ४२५ हॉर्सपॉवरची होती. एवढी गाडी थांबवताना डिस्कचं वय कोणी विचारत नाही, फक्त ती धरते की नाही एवढंच उरतं.

म्हणून असं करा. डिस्क काढण्याआधी ती हबवर कोणत्या जागी बसली होती त्याची रंगाने खूण करा. फोटो काढा. जाडी लिहून ठेवा, तारीख घाला. नवी डिस्क बसवली की डायल लावून आउट तपासा, "बसली ना, झालं" म्हणून सोडू नका. जुनी डिस्क भंगारात देऊ नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा ते खोकं गाडीबरोबर द्या. घेणाऱ्याला सरळ सांगा, ही बदललेली आहे, अस्सल त्या खोक्यात आहे.

बदललेली डिस्क ही गाडीच्या इतिहासातली फट नाही. ही गाडी नुसती झाकून ठेवलेली नव्हती, कोणीतरी ती चालवली, ब्रेक मारले, आणि वेळ आली तेव्हा पार्टही बदलला, एवढं ती सांगते. खोटेपणा बदलण्यात नसतो, बदललं हे लपवण्यात असतो.

तुमच्या घरात जुनी स्कूटर असेल, आजोबांची बाईक असेल, तर या रविवारी एक वही काढा. काय बदललं, कधी बदललं, का बदललं, लिहायला सुरुवात करा. आणि ब्रेकही एकदा तपासून घ्या. भेटूया पुढच्या भागात.