पिशवी घेऊन कोण गेलं होतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना दोन-तीन आकडे घाईत निसटले होते, ते इथे नीट टाकलेत.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. एप्रिल २०२० मध्ये तुमच्या घरी भाजी कोण आणायचं?

जरा थांबून आठवा. बहुतेकांना पटकन आठवतं ते वेगळंच. रात्री बारा वाजता अ‍ॅपवर स्लॉट मिळवायची धडपड. दुकानासमोर आखलेले पांढरे गोल. दुधाची पिशवी साबणाने धुणारी आई. पण ती भाजी, ते दूध आपल्या दारापर्यंत कोणी आणलं, तो चेहरा आठवतो का?

मला नाही आठवत. आणि माझ्याकडे तर त्याचा अख्खा डेटा होता.

झालं असं. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण झालं आणि मध्यरात्रीपासून २१ दिवसांचा लॉकडाऊन लागला. मधल्या चार तासांत पुण्यात किराणा दुकानांसमोर काय गर्दी झाली, ते तुम्हाला माहितीये. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलेलो, घरून काम सुरू. सोसायटीत सगळे म्हणाले, तू कॉम्प्युटरवाला ना, मग भाजीचं काहीतरी बघ. मी एक गूगल शीट केली. फ्लॅट नंबर, कांदे, बटाटे, टोमॅटो, पालेभाजी, एकूण रक्कम, पैसे आले की नाही. रात्री नऊपर्यंत ऑर्डर टाकायची, सकाळी गेटवर टेम्पो यायचा. वॉचमन पिशव्या ओळीने लावायचा, आपण एकेक करून खाली जायचं. पैसे यूपीआयने. कोणाला हात लावायचा नाही, काही नाही. मला त्या शीटचा फार अभिमान होता.

टेम्पो एक काका आणायचे. एप्रिलमध्ये मार्केट यार्डातला भाजीबाजार बंद झाला, तरी ते कुठूनकुठून, पार गावांत शेतकऱ्यांकडे जाऊन माल आणायचे. जूनमध्ये एके दिवशी ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर मेसेज सुरू झाले, "आज भाजी नाही का?", "दुसरा कोणी बघा ना." मी दुसरा टेम्पोवाला शोधला. शीटमधला एक सेल बदलला, जुना नंबर काढून नवा टाकला. काम झालं.

काकांचं काय झालं? मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

म्हणून आज आपण साथीच्या काळातल्या बाजारहाटाचा इतिहास बघतोय. औषधं आणि डॉक्टर यांच्यावर भरपूर बोललं जातं. पण साथ आली म्हणून पोट थांबत नाही. पीठ संपतं, मीठ संपतं, रॉकेल संपतं. कोणीतरी बाहेर जावंच लागतं. कोण जातं?

व्हिनेगरमधली नाणी

या प्रश्नाचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उत्तर इंग्लंडमधलं आहे, म्हणून आधी तिथे एक चक्कर मारू. डर्बीशायरमध्ये ईम नावाचं एक छोटं गाव आहे. १६६५ मध्ये तिथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, आणि त्याबरोबर प्लेग आला. पुढच्या वर्षी गावाने ठरवलं की साथ आजूबाजूला पसरू द्यायची नाही, आपण वेशीबाहेर जायचं नाही. तिथले धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी लोकांना तयार केलं.

मग खाणार काय? चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने धान्य पुरवलं. शेजारच्या गावांतले लोक सामान वेशीवर ठेवून जायचे. तिथे एक दगड अजूनही आहे, त्याला सहा भोकं आहेत. त्यात व्हिनेगर भरायचं आणि पैशाची नाणी बुडवून ठेवायची. समोरचा माणूस सामान ठेवणार, नाणी उचलणार, आपण नंतर जाऊन सामान घेणार. आपल्या गेटवरच्या पिशव्यांची ही साडेतीनशे वर्षांपूर्वीची आवृत्ती.

गंमत अशी की प्लेग नाण्यांवरून पसरत नव्हता, पिसवांवरून पसरत होता. व्हिनेगरचा उपयोग शून्य. पण हसू नका. आपणही भेंडी सोड्याच्या पाण्यात बुडवली होती. आणि कोविड पसरत होता मुख्यतः हवेतून.

ईमची गोष्ट मोठ्या त्यागाची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेही. सुमारे २६० माणसं गेली. पण ते गाव लहान होतं, त्यामुळे सगळे एकाच बाजूला होते. शहरात तसं नसतं.

मांडवीपासून सुरुवात

आता आपल्याकडे येऊ. मुंबई, सप्टेंबर १८९६. बंदराजवळची मांडवी. धान्याची गोदामं, गोण्या, हमाल, आणि अर्थातच उंदीर. तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्ण तपासून सांगितलं, हा गाठीचा प्लेग आहे. गंमत बघा, साथीचा पहिला पत्ताच बाजारपेठेतला.

प्लेग नेमका कसा पसरतो हे तेव्हा माहीत नव्हतं. पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये. त्यामुळे संशय सगळ्यांवरच. गटारांवर, हवेवर, गोदामातल्या धान्यावर. गटारं धुतली, घरात औषधं फवारली. आणि लोक पळाले. शहराची वस्ती आठ लाखांच्या वर, त्यातले जवळजवळ निम्मे १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निघून गेले होते. बाजार ओस पडले.

पण निम्मे गेले म्हणजे निम्मे राहिले. कोण राहिलं? ज्यांना गावी जायला गाव नव्हतं, किंवा ज्यांना जाऊ देणं शहराला परवडणार नव्हतं.

इथे एक गोष्ट फार बोलकी आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिकेने कडक नियम काढले. रुग्णाला जबरदस्तीने दवाखान्यात हलवायचं. लोक भडकले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. लगेच नियम सैल झाले. का? त्यामागे एक मोठी भीती होती, ती म्हणजे सफाई कामगार निघून जातील ही. आयुक्त स्नो यांना कळत होतं की हे लोक गेले तर मुंबईत राहणंच अशक्य होईल. म्हणजे एरवी ज्यांच्या सावलीचाही लोकांना विटाळ व्हायचा, त्यांच्यावर शहर किती उभं आहे हे शहराला कधी कळलं? ते जातील या भीतीने.

गिरण्यांतही तेच. माणसं इतकी कमी पडली की मालक लोक रस्त्याच्या कोपऱ्यावर एकमेकांपेक्षा जास्त रोज देऊ करायला लागले, आणि महिन्याचा पगार रोजच्या रोज मिळायला लागला. थोडे दिवस का होईना, राहणाऱ्याला त्याच्या जिवाची किंमत सांगता आली.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. हाच तो कायदा, जो २०२० मध्ये पुन्हा वापरला. पुण्यात रँडसाहेब आले, गोरे सोजीर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, पुढे २२ जूनला चापेकर बंधूंनी गोळ्या घातल्या. हे आपण शाळेत शिकलोय, त्यामुळे त्यात जास्त शिरत नाही. पण त्याच वर्षी १० मार्चला आणखी एक मृत्यू झाला. सावित्रीबाई फुले. मुलगा यशवंत हडपसरजवळ प्लेगचा दवाखाना चालवायचा. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे गेल्या, असं सांगितलं जातं. त्यातच त्यांना लागण झाली. लोक घराबाहेर पाऊल टाकायला घाबरत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट.

कणगीतलं धान्य

आता घरातली गोष्ट. माझी आज्जी सातारा जिल्ह्यातली. प्लेग १८९७ ला संपला नाही, नंतर कितीतरी वर्षं येत राहिला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आज्जीच्या सासूबाई सांगायच्या, घरात उंदीर मरून पडले की गाव उठायचं. सगळे आपापल्या रानात झोपड्या बांधून राहायचे, महिना-दोन महिने. मला हे लहानपणी एकदम पिकनिकसारखं वाटायचं. चुली बाहेर, झोपणं चांदण्यात.

हा भाग लिहायच्या आधी मी आज्जीला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, मग रानात खायचे काय?

"खायचे काय म्हणजे? धान्य होतं की घरात. कणगीत."

"पण घर तर गावात, बंद."

"मग आणायला लागायचं."

"कोण आणायचं?"

आज्जी जरा थांबली. म्हणाली, "गडी जायचा."

"कोण गडी? नाव काय त्याचं?"

"ते बाई कुणाला माहीत."

आता यातलं विज्ञान बघा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवीन रक्त शोधतात. म्हणजे उंदीर मेलेलं, बंद पडलेलं, धान्याने भरलेलं घर ही अख्ख्या गावातली सगळ्यात धोक्याची जागा. आणि तिथे वाकून कणगीत हात घालायला पाठवला जायचा गडी. आमच्या घरात ही गोष्ट चार पिढ्या सांगितली गेली. झोपडी कुठे होती ते माहितीये, कोणत्या आंब्याखाली चूल होती ते माहितीये. त्या माणसाचं नाव नाही. तो परत आला का, हेही नाही.

आकडे काय म्हणतात

१९१८ चा इन्फ्लुएंझा. मुंबईत जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून सुरुवात झाली. मुंबईतले मृत्यूचे आकडे समाजागणिक नोंदले गेले. युरोपियन लोकांत हजारामागे ८.३. पारशी ९. सवर्ण हिंदू १८.९. आणि तेव्हाच्या सरकारी भाषेत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटलं, त्यांच्यात ६१.६. आजार एकच, शहर एकच.

मग येतं २०२०. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांत १,६६४ लोकांचं रक्त तपासलं. ५१.५ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली. पण फोड करून बघा. अपार्टमेंटमध्ये राहणारे सुमारे ३३ टक्के. चाळी आणि झोपडपट्टीत ५६ ते ६२. मुंबईत त्याच सुमारास तीन वॉर्डांत पाहणी झाली, झोपडपट्टीत ५७ टक्के, बाकी वस्तीत १६.

आता इंजिनिअर आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हा फरक फक्त बाहेर कामाला जाण्यामुळे पडला असं म्हणता येणार नाही. लहान खोल्या, सामायिक संडास, हे सगळं त्यात आहे. पुण्याच्याच पाहणीत सामायिक संडास वापरणाऱ्यांत लागण ६२ टक्के होती, स्वतःचा असलेल्यांत ४५. पण जो माणूस दिवसभर आपल्या गेटवर पिशव्या ठेवत होता, तो रात्री त्याच खोलीत, त्याच संडासाच्या रांगेत परत जात होता. दोन्ही धोके एकाच माणसावर.

आपल्याला वाटलं आपण धोका टाळला. खरं तर आपण तो दुसऱ्याकडे पाठवला, आणि डिलिव्हरी चार्ज दिला. कधीकधी तोही नाही, फ्री डिलिव्हरी.

यूपीआयचंच घ्या. एप्रिल २०२० मध्ये महिन्याचे व्यवहार शंभर कोटींच्या आसपास होते, ऑक्टोबरमध्ये दोनशे कोटींच्या वर. पैशाला हात न लावता बाजार करायचं जे काम ईमच्या दगडातल्या सहा भोकांनी केलं, ते आपल्या फोनने केलं. चांगलंच झालं. पण ईममध्ये दगडाच्या पलीकडे कोण उभं आहे हे गावाला माहीत होतं. माझ्या शीटमध्ये त्याच्यासाठी कॉलमच नव्हता. फ्लॅटचे ऐंशी नंबर होते, काकांचा एक फोन नंबर होता, नाव नव्हतं.

त्या शीटची व्हर्जन हिस्टरी असते ना, ती मी मागच्या आठवड्यात उघडली. जूनमधला तो बदल सापडला. जुना नंबरही होता. फोन लावला. एका बाईंनी उचलला, म्हणाल्या, हा नंबर आता आमच्याकडे आहे, आम्ही नागपूरला असतो. मी सॉरी म्हणून ठेवला.

एवढंच. या गोष्टीला यापुढे शेवट नाही.

तुमच्याकडे एक काम. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, साथीच्या दिवसांत, म्हणजे प्लेग, कॉलरा, देवी, जे आठवत असेल त्यात, सामान कोण आणायचं? नाव विचारा. आणि २०२० मध्ये तुमच्याकडे कोण यायचं, हेही आठवून बघा. तो माणूस अजून त्याच नाक्यावर असेल तर उद्या भाजी घेताना विचारा, काका, तेव्हा तुमचं कसं झालं होतं? एक-दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून पाठवा, त्यांची परवानगी घेऊन. पुढच्या एखाद्या भागात आपण फक्त त्या लावू. मी मध्ये बोलणार नाही.

भेटू. काळजी घ्या.