आइखमनला नेणारे विमान कोणते?

अमुक कैद्याला खटल्यासाठी तमुक देशात नेले, एवढे सांगून इतिहासाची पुस्तके बहुधा पुढे सरकतात. कशातून नेले, हा प्रश्न विमानांचे क्रमांक टिपणाऱ्या छांदिष्टांचा समजला जातो. माझी नोकरी आवक-जावक नोंदवहीच्या संगतीत चालली आहे, त्यामुळे मला तो फालतू वाटत नाही. कागद कोणत्या तारखेला, कोणाच्या हस्ते आणि कोणत्या वाटेने आला हे कळले की कागदावर न लिहिलेलेही पुष्कळ कळते. माणसांच्या बाबतीतही तसेच आहे. त्यासाठी आडोल्फ आइखमनचे उदाहरण घेऊ.

आइखमन हा नाझी राजवटीतला अधिकारी. बर्लिनमध्ये त्याचे खाते होते, खात्याला ‘चार ब ४’ असा रुक्ष क्रमांक होता. युरोपभरातल्या ज्यूंना गोळा करून आगगाड्यांनी मृत्युछावण्यांकडे पाठवायचे, हे त्या खात्याचे काम. १९४४ च्या मे ते जुलै या आठेक आठवड्यांत एकट्या हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यू बाहेर काढले गेले. त्यांतले बहुतेक आउश्वित्झला गेले. युद्ध संपल्यावर अमेरिकनांच्या कैदेत तो खोट्या नावाने राहिला, तिथून निसटला आणि १९५० साली ‘जोव्हान्ना सी’ या बोटीने अर्जेंटिनाला पोचला. तिथे तो रिकार्डो क्लेमेंट झाला.

११ मे १९६० च्या संध्याकाळी ब्युनॉस आयर्सच्या उपनगरात बसमधून उतरून घरी चाललेल्या या क्लेमेंटला इस्रायली हेरांनी मोटारीत घातले. २३ मे रोजी पंतप्रधान बेन-गुरियन यांनी इस्रायलच्या संसदेत अगदी थोडक्या शब्दांत निवेदन केले. आइखमन सापडला आहे, तो इस्रायलमध्ये अटकेत आहे आणि त्याच्यावर लवकरच खटला चालेल. कोणत्या देशात सापडला आणि कसा आणला, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

आता नोंदवही उघडू. हाती दोन तारखा आहेत, ११ मे आणि २३ मे. मधले दिवस बाराच. ब्युनॉस आयर्सहून इस्रायलला बोटीने यायचे तर कितीतरी आठवडे लागणार. म्हणजे विमान. ‘एल आल’ या इस्रायलच्या राष्ट्रीय विमान कंपनीची त्या काळी अर्जेंटिनाला नियमित सेवाच नव्हती. पण नेमक्या त्याच आठवड्यात तिचे एक खास विमान ब्युनॉस आयर्सला गेले होते. १८१० च्या मे क्रांतीला दीडशे वर्षे झाली म्हणून अर्जेंटिनात मोठा सोहळा होता आणि अब्बा एबान यांच्या नेतृत्वाखाली इस्रायलचे शिष्टमंडळ त्या विमानाने १९ मे रोजी तिथे उतरले. पाहुण्यांना सोडून विमान परत फिरणार होते. अशा प्रसंगी दुसरा उमेदवार उरतच नाही.

विमान कोणत्या जातीचे? अलीकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे साहजिकच जेट विमान येते. पण एल आलची स्वतःची बोइंग ७०७ विमाने १९६१ मध्ये आली, म्हणजे जेट बाद. उरतात दोन जाती. एक जुने कॉन्स्टेलेशन आणि दुसरे ब्रिस्टल कंपनीचे ब्रिटानिया. ब्रिटानियाला चार टर्बोप्रॉप इंजिने होती. मोठे असूनही आवाज कमी, म्हणून इंग्रज त्याला ‘कुजबुजणारा राक्षस’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. १९५७ च्या डिसेंबरपासून एल आल याच विमानांनी अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जात असे.

इथे शेपटीजवळची अक्षरे कामाला येतात. प्रत्येक देशाच्या विमानांना ठरलेले आद्याक्षर असते. भारताचे ‘व्हीटी’. पोर्तुगीज अमदानीत दाबोळीवर उतरणाऱ्या इथल्या कंपनीच्या विमानांवर ‘सीआर-आय’ असायचे, जुन्या छायाचित्रांत ते अजून दिसते. इस्रायलचे ‘४ एक्स’. एल आलच्या कॉन्स्टेलेशन विमानांचा पुढचा गट ‘एके’ने सुरू होई. १९५५ च्या जुलैत बल्गेरियावर पाडले गेलेले आणि ५८ जणांचा बळी घेणारे कॉन्स्टेलेशन ‘४ एक्स-एकेसी’ होते. ब्रिटानियांचा गट ‘एजी’चा. आइखमनला आणणारे विमान ब्रिटानिया होते आणि त्याची नोंद ‘४ एक्स-एजीडी’ अशी आहे. वैमानिक होते कॅप्टन झ्वी तोहार.

विमानाच्या जातीवर अख्खा बेत उभा होता. जाताना ते रोम, डाकार आणि ब्राझीलमधले रेसिफे असे थांबत गेले. परतताना रेसिफेला उतरणे धोक्याचे होते. आइखमन नाहीसा झाल्याचा बोभाटा झाला असता तर ब्राझीलमध्ये विमान अडकले असते. म्हणून ब्युनॉस आयर्सहून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे डाकार गाठायचे ठरले. हे अंतर सुमारे ७,००० किलोमीटर, बहुतेक समुद्रावरून आणि मध्ये कुठे न थांबता. ब्रिटानियाच्याही कुवतीची परीक्षा पाहणारी ही झेप होती. तेरा तासांच्या आसपास ते हवेत होते.

विमानात चढवले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. आइखमनला गुंगीचे औषध देऊन एल आलचा गणवेश चढवला होता. कर्मचाऱ्यांचा जथा विमानतळावर आला, त्यात हा एक आजारी, झोपाळू सहकारी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला टोप्या ओळखीच्या झाल्या होत्या, टोपीखालचा चेहरा कोण बघतो? २१ मे रोजी मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी विमान उडाले आणि २२ मेच्या सकाळी लोद विमानतळावर उतरले. जाताना कर्मचारी किती आणि येताना किती, एवढी साधी बेरीज कोणी केली असती तर उत्तर चुकलेले दिसले असते.

पुढे अर्जेंटिनाने संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली. हे काम ‘स्वयंसेवकांनी’ केले, अशी इस्रायलची सुरुवातीची भूमिका होती. २३ जून १९६० रोजी सुरक्षा समितीने १३८ क्रमांकाचा ठराव करून इस्रायलने योग्य ती भरपाई करावी असे म्हटले, आणि ऑगस्टमध्ये दोन्ही देशांनी संयुक्त निवेदन काढून वाद मिटवला. पण ‘स्वयंसेवक’ आणि ‘सरकार’ यांतला फरक शोधायचा तर पुरावा त्या विमानातच होता. सरकारी शिष्टमंडळ घेऊन गेलेले, राष्ट्रीय कंपनीचे विमान स्वयंसेवकांच्या हाती कसे लागते?

आइखमनचे वकील रोबेर्ट सर्वाटियस यांनी हेच हेरले. जेरुसलेममध्ये ११ एप्रिल १९६१ रोजी खटला सुरू झाला, तेव्हा आपल्या अशिलाला पळवून आणले असल्यामुळे या न्यायालयाला अधिकारच नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. ते सिद्ध करायला त्यांनी दोन साक्षीदार मागितले, त्यांतला एक कॅप्टन तोहार! न्यायालयाने ती मागणी फेटाळली. आरोपी आमच्यापुढे कसा आला हे आम्ही पाहणार नाही, त्याने काय केले ते पाहू, असा त्या निर्णयाचा मथितार्थ.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद कुठेतरी ऐकल्यासारखा वाटेल. १९१० साली सावरकरांना खटल्यासाठी लंडनहून मुंबईला आणताना ८ जुलै रोजी मार्सेलिसला त्यांनी समुद्रात उडी घेतली, फ्रेंच भूमीवर ते पकडले गेले आणि परत बोटीवर नेले गेले. फ्रान्सने हरकत घेतली, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने सांगितले की पकडण्यात नियमभंग झाला खरा, पण कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. एक देशासाठी समुद्रात उडी घेणारा राजकीय कैदी, दुसरा लाखोंच्या संहाराचा व्यवस्थापक. या दोघांना एका तागडीत कोणी घालू नये, मीही घालत नाही. सारखा आहे तो फक्त कायद्याचा पेच, आणि कायद्याच्या पुस्तकांत त्यामुळेच ही दोन प्रकरणे एकमेकांच्या आसपास सापडतात.

तिथेही वाहनाचा प्रश्न आहे बरं का! ‘मोरिया’ बोटीचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण २२ जुलै १९१० रोजी सावरकर मुंबईला उतरले ते ‘मोरिया’वरून नव्हे. एडनला त्यांना ‘सॅलसेट’ नावाच्या बोटीवर हलवण्यात आले होते. सॅलसेट म्हणजे साष्टी. मुंबईचे साष्टी बेट त्या नावामागे आहे, पण आपल्या मडगावच्या वाचकाच्या कानाला ते नाव घरचे वाटावे. उडी ‘मोरिया’वरून, आगमन ‘साष्टी’वरून. एवढे नीट सांगितले तर उडीचे तेज काही कमी होत नाही.

आइखमनला फाशीची शिक्षा सुनावली गेली ती १५ डिसेंबर १९६१ रोजी. त्याच आठवड्यात गोव्याच्या सीमेवर भारतीय फौजा उभ्या होत्या, आणि चार दिवसांनी गोवा मुक्त झाला. आपल्या माणसांना त्या दिवसांत जेरुसलेमकडे बघायला उसंत कुठली असणार! या खटल्याची कथा आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी पोचली, त्यामागे हेही कारण असावे.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती एक गोष्ट. आइखमन स्वतः टेबलावरचा माणूस होता. आपण कोणालाही हाताने मारले नाही, आपण फक्त वरून आलेल्या हुकमाप्रमाणे गाड्यांची व्यवस्था केली, असे तो न्यायालयात सांगत राहिला. कोणती गाडी, कोणता दिवस, किती माणसे. त्याच्या फायलीत हे सगळे होते आणि त्या फायलींनीच त्याला गुंतवले. मीही फायली पुढे सरकवतो. वरून आलेल्या कागदावर सही करताना त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे, हे विसरणे किती सोपे असते ते मला माहीत आहे. म्हणूनच गाडीचा, बोटीचा, विमानाचा नेमका क्रमांक शोधून काढणे मला मोलाचे वाटते. सगळे केवळ ‘व्यवस्थे’ने घडते असे म्हणून सुटू पाहणाऱ्यांना तो क्रमांक सुटू देत नाही. प्रत्येक क्रमांकामागे ते वाहन पाठवणारा, चालवणारा आणि त्यात बसलेला, असा कोणीतरी असतो.

३१ मे १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास रामला येथील तुरुंगात आइखमनला फाशी देण्यात आली. त्याची राख एका बोटीतून इस्रायलच्या सागरी हद्दीच्या बाहेर नेऊन भूमध्य समुद्रात विखुरली. कोणत्याच देशाच्या नोंदवहीत त्याच्या मुक्कामाची नोंद राहू नये, अशी ती योजना होती.